मावशीच्या पैशांची बॅट

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते फक्त सही करायला. ही वही माझ्या पोरीची. पुढच्या पानांवर तिनं सॉफ्टबॉलच्या मैदानाच्या आकृत्या काढल्या आहेत, कुणी कुठून कुठे पळायचं त्याचे बाण काढले आहेत. मागची पानं कोरी होती, म्हणून मी मागून लिहायला घेतलं. कुणाला दाखवायचं नाही. पण उद्या पोरीनंच वही उघडली तर तिला वाचता आलं पाहिजे, म्हणून एकेक अक्षर सुटं काढते आहे.

मी वसईच्या बाजारात मासळी विकायला बसते. बारा वर्षं झाली. घर पाचूबंदरला, नवरा दुसऱ्याच्या बोटीवर जातो. मासळी विकणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात असणार. माझा जात नाही. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की लहानपणापासून माझा घसा बंद होतो. माझ्या शेजारी एक मावशी बसते. नात्यातली नाही, पण सगळा बाजार तिला मावशीच म्हणतो. सत्तरीची असेल. तिचा आवाज दोघींना पुरतो. "ये गो बाय, बोंबील बघ, आत्ता उतरलेत! आनि ही बाजूची मुकी हाय, पन तिची कोलंबी ताजी हाय!" असं ती ओरडते आणि माझी कोळंबी विकली जाते. कुणी भाव विचारला तर मी बोटं दाखवते.

अशा बाईच्या पोटी अशी पोर आली, की ती शाळेत सगळ्यांत जोरात पळते आणि सगळ्यांत जास्त बोलते. सहावीत असताना ती सॉफ्टबॉलमध्ये गेली. मला वाटलं क्रिकेटच असेल. तर तिनं डब्यातलं तांदळाचं पीठ घेतलं आणि घरातल्या फरशीवर टोकावर उभा केलेला चौकोन काढला.

"हे बघ आई. हे घर. इथून मारायचं. हा पहिला बेस, हा दुसरा, हा तिसरा. असं फिरून परत घरी आलं की एक रन. मारलं की पहिल्या बेसकडे सुटायचं. आपल्या आधी बॉल तिथं पोचला तर आउट."

"आणि बॅट घेऊन पळायचं?"

"नाही गं, बॅट तिथंच टाकायची."

"टाकायची?" मी म्हटलं. मला ते तेव्हाच बरं वाटलं नाही. आमच्याकडे कोयता असो की विळी, काम झालं की हातानं खाली ठेवतात. टाकत नाहीत. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलेली ती पहिली गोष्ट होती, आणि पोरीला बोलायला येण्याआधी मी ती शिकवली होती. पीठ वाया घालवलं म्हणून मी रागावले आणि विषय तिथंच राहिला.

बाजार आटपला की माझी वाट शाळेवरून जाते. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन मी भिंतीपाशी थांबायची. भिंत माझ्या नाकापर्यंत येते, त्यामुळे आतून माझे डोळे आणि टोपली एवढंच दिसत असणार. खेळ शिकवणाऱ्या मॅडम तरुण, नालासोपाऱ्याहून स्कूटरवर येतात. स्वतः पूर्वी खेळलेल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी तिथूनच हाक मारली, "काकू, आत या ना! टोपली चालत येते असं वाटतं पोरींना!" सगळ्या पोरी हसल्या. मी घरी पळाले. दुसऱ्या दिवशी बघते तर भिंतीच्या आत झाडाखाली एक खुर्ची मांडून ठेवलेली. त्या दिवशी नाही, पण आठवड्यानं मी त्या खुर्चीवर बसले.

तिथं बसून मला कळलं की हा खेळ नुसता जोरात मारायचा नाही. मॅडम पोरींची रांग लावायच्या. पहिली कोण, दुसरी कोण, चौथी कोण, यावर त्या जितका विचार करायच्या तितका मी मासळी मांडताना करते. पहिली पोर अशी हवी की जी कसंही करून बेसवर पोचते. दुसरी अशी, की जी पहिलीला पुढे सरकवते, मग त्यासाठी स्वतः आउट झाली तरी चालेल. कधी बॅट आडवी धरून चेंडू नुसता पायापाशी पाडायचा. समोरच्या संघातल्या पोरी धावत येऊन तो उचलेपर्यंत आपली पोर पुढच्या बेसवर. चौथी ताकदीची, ती सगळ्यांना घरी आणणार. माझी पोर नवव्या नंबरवर, म्हणजे शेवटी.

कारण ती आलेल्या प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवायची. डोक्यावरून चाललेला असो की पायाखालून. मॅडम वैतागायच्या. "बाळा, बॉल बघ ना यार! छातीच्या खाली, गुडघ्याच्या वर, आणि घराच्या प्लेटवरून गेला तर तुझा. बाकीचे सोड. चार खराब सोडलेस तर फुकट बेस मिळतो. तुला काय सगळे बॉल आपल्याच घरचे वाटतात?"

"सोडवत नाही मॅडम," पोर म्हणायची. खरंच सोडवत नव्हतं तिला.

त्या रविवारी मी तिला पहाटे बंदरावर घेऊन गेले. बोटी लागल्या की टोपल्या ओळीनं मांडतात आणि भाव पुकारतात. नव्या बायका पहिल्या टोपलीवरच तुटून पडतात. मी बोलत नाही, त्यामुळे मला बघावं लागतं. हवी ती टोपली आली की मी तिच्या काठावर हात ठेवते, पुकारणाऱ्याला कळतं.

"ही का नाही घेतली?" पोर माझ्या कानात.

"खाली बर्फच जास्त आहे."

"ही?"

"वर मोठी लावलीत. खाली चुरा."

"मग ही तरी घे ना आई, संपतील!"

"संपत नाहीत. थांब."

पाचव्या टोपलीवर मी हात ठेवला. पोरीनं वाकून आत हात घातला, खालची कोळंबी वर काढून बघितली. तीही तेवढीच मोठी. परत येताना ती वाटेतल्या प्रत्येक टोपलीत वाकून बघत होती. सोमवारी सरावात तिनं तीन चेंडू सोडले आणि चौथा मारला. मॅडम म्हणाल्या, "आज काय खाऊन आलीस?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम, टोपल्या बघत होते." मॅडमना काही कळलं नाही. मी झाडाखाली पदर तोंडाला लावून हसले.

मग आमचा घरचा सराव सुरू झाला. नवऱ्यानं एक फाटकं जाळं आणलं आणि बोंबील वाळवायच्या बांबूंना मागे बांधून दिलं. जाळ्याला बांधतात ते प्लॅस्टिकचे छोटे बोये आमच्या घरी पोतंभर. मी बाजूला पाटावर बसून एकेक बोया खालून उडवायची आणि पोर माडाच्या झावळीच्या दांड्यानं तो मारायची. टोपलीत मासळी टाकायची सवय, त्यामुळे माझा बोया दरवेळी एकाच जागी यायचा. रोज शंभर-दीडशे. चुकला तर शेजारच्या पोरी ओरडायच्या, "गेला जवळ्यात!" कारण खाली जवळा वाळत घातलेला असायचा. नवरा म्हणाला, "एवढा वेळ तू माझ्याशी बोलत नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही बोया मारता का?"

आता अडचण बॅटीची होती. शाळेत दोन बॅटी, दोन्ही जड, एकीला पोचा. पोर अंगानं बारीक. बॅट फिरेपर्यंत चेंडू पुढे गेलेला असायचा. मॅडमनी मला सांगितलं, "काकू, जबरदस्ती नाही हां. पण हिला हलकी बॅट मिळाली तर मी हिला दुसऱ्या नंबरवर आणीन. नाहीतर जिल्ह्याच्या टीममध्ये हिला घेणं मला कठीण आहे. नवव्या नंबरच्या मुलीला कोण बघतं?" बॅट चोवीसशेची होती. त्या नालासोपाऱ्याच्या दुकानातून आणून देणार होत्या.

मे महिना होता, सुट्टीतही सराव चालू होता. पुढे दोन महिने बोटी बंद, नंतर श्रावण. घरात चोवीसशे रुपये म्हणजे पावसाळ्याचा तांदूळ. मी तीन दिवस बाजारात मावशीच्या बाजूला बसून तोंड उघडायचा प्रयत्न केला. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "तीन दिस झाले, मासा पान्याबाहेर काढल्यावानी तोंड उघडतेस नि मिटतेस. पैसे पायजेत का?"

मी मान डोलावली.

"किती?"

मी बोटं दाखवली. दोन, मग चार.

"दोनशे चालीस?"

मी मान हलवली, नाही. मावशीनं माझ्याकडे बघितलं, कमरेची पिशवी सोडली आणि पैसे मोजून दिले. "व्याज नको. पन काय घेतलंस ते मला दाखवायला आन."

बॅट आली तेव्हा मी ती बाजारात नेली. मावशीनं ती मासळीसारखी हातात घेतली, दाबली, उलटी केली, वास घेतला, टिचकी मारली. टण्ण वाजली. "पोकल हाय गो! आत कायच नाय? चोवीसशे रुपये हवेला दिलेस?" आजूबाजूच्या बायका हसून लोळल्या. मग मावशीनंच आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. त्याची मी बॅटीला पिशवी शिवली.

घरी गेल्यावर मी बॅटीला हळदकुंकू लावलं आणि पोरीला समोर बसवलं. तिला म्हटलं, "पैसे फिटेपर्यंत ही बॅट मावशीची आहे, आपली नाही. आपटायची नाही. टाकायची नाही. हिच्यावर एक ओरखडा दिसला तर मी मावशीला तोंड दाखवू शकणार नाही. कळलं?" पोर म्हणाली, "कळलं." ही पोर शंभर गोष्टी ऐकत नाही. ही तिनं ऐकली.

हलक्या बॅटीनं ती मारायला लागली. चेंडू जमिनीवरून सरसर जायचे. मॅडमनी तिला दुसऱ्या नंबरवर आणलं. पण पहिल्या बेसवर ती दरवेळी एका पावलानं आउट. एकच पाऊल. शाळेत सगळ्यांत जोरात पळणारी पोर! मग मी खुर्ची सरकवून नीट बघितलं. चेंडू मारला की ती खाली वाकायची, बॅट दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवायची, झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तशी, आणि मग पळायची.

मॅडम माझ्याकडे आल्या. "काकू, ही बॅट सोडतच नाही. शंभर वेळा सांगितलं, ड्रॉप कर, ड्रॉप कर. 'हो मॅडम' म्हणते आणि परत तेच. घरी कुणी काही बोललं का?"

मी मान हलवली, नाही. खोटं बोलायला मला तोंडही उघडावं लागलं नाही, याची मला आणखी लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी पोरीला म्हटलं, "अगं, तू बॅट टाकत जा."

"पैसे फिटले?"

"नाही अजून. पण टाक."

"मग मावशीची बॅट मी कशी टाकू? तूच म्हणालीस."

"मी म्हणते ना आता."

"तू हळू म्हणालीस," ती म्हणाली. "तेव्हा मोठ्यानं म्हणाली होतीस."

खरं होतं. बॅटीच्या दिवशी मी घरात मोठ्यानं बोलले होते. दुसऱ्या दिवसापासून सरावात ती परत वाकायचीच. मुद्दाम नाही. हातच ऐकत नव्हते. मावशीनं सांगितलं असतं तर ऐकले असते कदाचित. पण मावशीला काय सांगणार, की तुझी बॅट आपटायला परवानगी दे? पावसाळ्यात सुक्या मासळीवर मी जेमतेम हजार फेडले होते. श्रावणात आमचं गिऱ्हाईक म्हणजे ख्रिस्ती वस्त्या. मी सांडोरपर्यंत टोपली घेऊन फिरले, तेव्हा आणखी दोनशे निघाले. बाराशे अजून बाकी होते.

गणपती झाल्यावर जूचंद्रच्या एका शाळेच्या संघाबरोबर सामना ठरला. मॅडमनी पोरींना सांगितलं होतं, या सामन्यानंतर मी जिल्ह्यासाठी नावं लिहिणार. आणि माझ्या पोरीला वेगळं सांगितलं, "आज पण बॅट ठेवत बसलीस तर मी तुला नाही घेऊ शकणार. मला वाईट वाटेल, पण नाही."

मी माझ्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं फाटकातून ओळखीचा आवाज आला. "कुठं हाय माझी बॅट?" मावशी! अर्धी टोपली मांदेली अजून डोक्यावर. "बाजार ढिला हाय. म्हटलं बघू तरी, हवा कशी मारतात."

पहिल्या वेळी पोरीनं दोन चेंडू सोडले, तिसरा छान मारला, वाकली, ठेवली, पळाली. आउट. दुसऱ्या वेळी तसंच. मावशी म्हणाली, "ही पोर खाली काय शोधते गो दरवेली?" मी पदराचं टोक चावत बसले.

शेवटच्या डावात दोन्ही बाजूंचे चार-चार रन झाले होते. आमच्या दोन पोरी आउट, एक तिसऱ्या बेसवर उभी, आणि मारायला माझी पोर. इथं एक नियम आहे तो लिहिते, नाहीतर कळणार नाही. दोन आउट असताना मारणारी पोर पहिल्या बेसवर पोचायच्या आत आउट झाली, तर तिसऱ्यावरून घरी आलेल्या पोरीचा रनही धरत नाहीत. म्हणजे सगळं त्या एका पावलावर होतं.

पहिला चेंडू उंच. सोडला. दुसरा बाहेर. सोडला. तिसऱ्यावर तिनं बॅट फिरवली आणि तो हुकला. चौथा मध्यातून आला, माझ्या बोयासारखा. टण्ण! चेंडू जमिनीवरून डावीकडे गेला. तिसऱ्यावरची पोर सुटली. तिकडच्या पोरीनं पळत जाऊन चेंडू अडवला. आणि मला दिसलं, माझी पोर वाकायला लागली.

मी कधी उभी राहिले मला माहीत नाही.

"टाक!" मी ओरडले. "टाक ती! टाक! पळ!"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं असं मला पोरींनी नंतर सांगितलं. पोरीचे हात उघडले. बॅट प्लेटमागच्या दगडी पट्टीवर आपटली, ठणठण करत घरंगळली, आणि पोर अशी सुटली की चेंडू पहिल्या बेसवर आला तेव्हा ती बेसवरून दोन पावलं पुढे गेली होती. पंचानं दोन्ही हात आडवे पसरले. सेफ! घरी आलेल्या पोरीचा रन धरला. आमच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या, मॅडम टोपी हवेत उडवून परत झेलायला विसरल्या.

मग मला आठवलं, माझ्या बाजूला मावशी बसली आहे.

मी हळूच वळले. ती टोपलीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"बारा वर्सं," ती म्हणाली. "बारा वर्सं मी दोघींचं ओरडते. घसा फाटला माझा. आनि तुला आवाज हाय?"

मी म्हटलं, "मावशी, बॅट..."

"बॅट गेली खड्ड्यात! उद्यापासून कोलंबी तूच ओरड."

तो सामना आम्ही हरलो, तेही लिहिलं पाहिजे. जूचंद्रच्या पोरींनी त्यांच्या पाळीत दोन रन काढले. त्यांची चौथ्या नंबरची पोर खरंच ताकदीची होती. पण घरी जाताना आमच्या पोरी हरल्यासारख्या चालत नव्हत्या, कारण मॅडमनी झाडाखाली बसून नावं लिहिली होती आणि दुसऱ्या नंबरवर माझ्या पोरीचं नाव होतं.

पोर मात्र बॅट पाठीमागे लपवून मावशीसमोर उभी होती. "ओरखडा आलाय मावशी," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी. मावशीनं बॅट घेतली, ओरखड्यावरून अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "एवढाच? माझ्या कोयत्यावर बघ किती हायत. आता कुठं वापरल्यावानी दिसते." मग उरलेली मांदेली तिनं पोरींच्या डब्यांत वाटून टाकली. मॅडमच्या स्कूटरच्या डिकीतसुद्धा घातली. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काकू, वास जात नाही." मावशीला कळवलं, तर म्हणाली, "जायाला कशाला पायजे?"

दुसऱ्या दिवशी बाजारात मावशी खरंच गप्प बसली. तोंडात पान, हाताची घडी. गिऱ्हाईक समोरून जात होतं. मी घशाशी आलेलं दोनदा गिळलं आणि तिसऱ्यांदा म्हटलं, "कोळंबी... ताजी आहे." मावशी म्हणाली, "कोनाला सांगतेस, कोलंबीला?" मग मी मोठ्यानं म्हटलं. एक बाई थांबली. अजूनही मला तिच्याइतकं जमत नाही, पण माझी टोपली आता तिच्या आधी रिकामी होते, आणि ती मला शिव्या घालते.

त्यानंतर दर शुक्रवारी मी तिला दीडशे देत गेले. जिल्ह्याच्या सामन्यांना पोर गेली, ती गोष्ट तिची आहे, तिनं पुढच्या पानांवर लिहावी. दिवाळी झाल्यावर एका शुक्रवारी मी शेवटचे दीडशे काढले. त्या दिवशी पोर शाळेतून परस्पर बाजारात आली होती, खांद्यावर बॅट, लुगड्याची पिशवी एका बाजूनं फाटलेली. मी पैसे तिच्याच हातात दिले आणि तिनं ते मावशीच्या तळहातावर ठेवले. मावशीनं मोजले नाहीत. कमरेच्या पिशवीत घातले, गाठ मारली, आणि गिऱ्हाइकाला ओरडायच्या आवाजात सगळ्या बाजाराला सांगितलं, "फिटले गो! पुरे चोवीसशे फिटले!"